लॅपटॉप गेला, डेटाचं काय? घरून काम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमची चाळीसेक माणसांची टीम. पाटीवर ऑफिस पुण्यात, प्रत्यक्षात कोणी साताऱ्यात, कोणी चिपळूणला, दोघं नांदेडात, आणि एक जण दिवाळी झाली की दोन महिने गोव्यात मुक्काम हलवतो. काम दुसऱ्यांच्या हिशोबांचं: पगारपत्रकं, जीएसटी, टॅली. म्हणजे प्रत्येक लॅपटॉपवर परक्या माणसांचे पॅन, आधार आणि बँकेचे उतारे. ही मशिन्स सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. आजवर तीन लॅपटॉप चोरीला गेले. दर वेळी तेच प्रश्न आले आणि दर वेळी मी फोनवर तीच उत्तरं दिली. आता एकदाच लिहून ठेवतो.

विंडोजला पासवर्ड आहे, चोराला तो माहीत नाही. मग भीती कसली?

चोर पासवर्डच्या वाटेला जातच नाही. लॅपटॉपच्या पाठीचे आठ-दहा स्क्रू काढले की एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, हातात येते, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांना मिळणाऱ्या यूएसबी केसमध्ये ती घालायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. पेनड्राइव्हसारखी उघडते. पासवर्ड विचारणारं विंडोज मुळात सुरूच झालेलं नसतं, मग विचारणार कोण?

हे तोंडी सांगून कोणाला पटत नव्हतं, म्हणून एका मीटिंगमध्ये करून दाखवलं. भंगारात काढलेला जुना लॅपटॉप घेतला, एसएसडी काढली आणि माझ्या मशीनला जोडली. चहा यायच्या आत डाउनलोड्सचा फोल्डर पडद्यावर होता. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेले आधारचे फोटो, रद्द केलेले चेक, एका क्लायंटच्या कामगारांची पगाराची यादी. हे कोणी मुद्दाम साठवलं नव्हतं. उघडून पाहिलं आणि तिथेच राहिलं. डेटा आहे कुठे, असं विचारणाऱ्यांनी आधी आपला डाउनलोड्स फोल्डर उघडावा.

उपाय डिस्क एन्क्रिप्ट करणं हाच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात सगळं ठेवणं. मग एसएसडी काढून कुठेही लावली तरी नुसता गोंधळ दिसतो.

लॅपटॉप चोरणाऱ्याला डेटाशी काय देणंघेणं? तो विकून मोकळा होतो.

बहुतेक वेळा खरं आहे. पण ते आपल्याला सिद्ध करता येत नाही, आणि खरी गोची तीच. मे २००६ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली आणि लॅपटॉपसोबत बाहेरची हार्ड डिस्क गेली. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती होती, एन्क्रिप्ट न केलेली. महिन्या-दीड महिन्यात सगळं सामान परत मिळालं आणि माहितीला कोणी हात लावलेला दिसत नाही असं एफबीआयने सांगितलं. तरी दाव्याच्या तडजोडीत २००९ मध्ये सरकारला २ कोटी डॉलर मोजायला लागले. ब्रिटनमध्ये नेशनवाइड बिल्डिंग सोसायटी या ठेवी आणि घरकर्जाच्या संस्थेच्या कर्मचाऱ्याचा लॅपटॉप असाच घरातून गेला. फेब्रुवारी २००७ मध्ये नियामकाने ९ लाख ८० हजार पौंड दंड ठोकला. दोन्ही लॅपटॉप घरातून गेले, हेही ध्यानात घ्या. घरून काम करणं म्हणजे सुरक्षित जागी काम करणं असं आपण उगाच धरून चालतो.

एन्क्रिप्शन चालू आहे का हे कसं पाहायचं?

विंडोज प्रो असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन’ उघडा. विंडोज होमवर पूर्ण बिटलॉकर मिळत नाही, पण बऱ्याच नव्या मशिन्सवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं. मॅकवर ‘फाइलव्हॉल्ट’ पाहा. उबुंटूवर एन्क्रिप्शन इन्स्टॉल करतानाच निवडावं लागतं. नंतर करायचं तर बहुधा बॅकअप घेऊन पुन्हा इन्स्टॉल करायची तयारी ठेवा.

‘ऑन’ दिसलं म्हणून लगेच खिडकी बंद करू नका. आमच्याकडे तीन ठिकाणी ठेच लागली आहे.

पहिली, डी ड्राइव्ह. आपल्याकडे दुकानदार विचारतोच, “पार्टिशन करून देऊ ना?” मग सीवर विंडोज आणि डीवर सगळं काम. बिटलॉकर ड्राइव्हगणिक वेगळं चालू करावं लागतं. आमच्या एका मशीनवर सी ड्राइव्हला कुलूप होतं आणि टॅलीचा सगळा डेटा डीवर उघडा. तिजोरीला कुलूप आणि दागिने ओट्यावर. हे दीड वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा.

दुसरी, ‘अ‍ॅक्टिव्हेशनची वाट पाहत आहे’ अशा अर्थाचा शेरा आणि पिवळा त्रिकोण. डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते, पण तिची ‘की’, म्हणजे ती उघडणारी किल्ली, डिस्कवरच उघडी पडलेली असते. मायक्रोसॉफ्ट किंवा ऑफिसच्या खात्याने लॉगइन करून रिकव्हरी कीचा बॅकअप झाला की मगच कुलूप खरं लागतं.

तिसरी, ‘सस्पेंडेड’. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करताना कोणी बिटलॉकर तात्पुरतं थांबवतं आणि पुन्हा चालू करायला विसरतं. तेव्हाही की उघडीच असते.

मॅकबद्दल एक गैरसमज आहे. टी२ ही अ‍ॅपलची सुरक्षा चिप किंवा अ‍ॅपलचा स्वतःचा प्रोसेसर असलेल्या मॅकमध्ये डिस्क मुळातूनच एन्क्रिप्टेड असते, मग फाइलव्हॉल्ट कशाला? कारण फाइलव्हॉल्ट बंद असेल तर डिस्क उघडायला तुमचा पासवर्ड लागत नाही, मशीन स्वतःच उघडून देतं. चालू करा. डिस्क आधीच एन्क्रिप्टेड असल्याने वेळही लागत नाही.

लॅपटॉप स्लो होईल का?

गेल्या दहा वर्षांतल्या प्रोसेसरवर रोजच्या कामात कळतही नाही. तुमचा लॅपटॉप स्लो आहे तो क्रोममधल्या साठ टॅबमुळे.

रिकव्हरी की म्हणजे काय, आणि ती ठेवायची कुठे?

४८ अंकी संख्या असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. मदरबोर्ड बदलला, बायोस अपडेट झालं, कधी नुसती बूटची सेटिंग हलली, तरी लॅपटॉप निळा पडदा दाखवून ही संख्या मागतो. ती नसेल तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही, आणि तेच बरं आहे.

कंपनीच्या मशीनची की कंपनीच्या खात्यात जायला हवी, कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलमध्ये नव्हे. नाहीतर माणूस नोकरी सोडतो, की त्याच्यासोबत जाते आणि सहा महिन्यांनी मशीन अडून बसतं. आमच्याकडे ती एंट्रा आयडीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस-खात्यांच्या व्यवस्थेत, जाते आणि शिवाय एक छापील प्रत ऑफिसच्या कपाटात असते. एकाने कीचा स्क्रीनशॉट त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवला होता. दुसऱ्या एकीने प्रिंट काढून लॅपटॉपच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात, “प्रवासात लागली तर.” दोघंही हुशार माणसं आहेत, म्हणून सांगतोय.

मी झाकण लावून बॅगेत टाकते. एवढं पुरे ना?

नाही. या एका सवयीसाठी मी लोकांच्या मागे सर्वांत जास्त लागतो.

झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. झोपेत डिस्कची की रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, जागीच असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर लगेच पुसला जात नाही. हवेचा फवारा मारायचा डबा उलटा धरून चिप थंडगार केली की तो मिनिटांवर टिकतो, आणि त्यातून की काढता येते. एसटी स्टँडवरचा चोर असले उद्योग करणार नाही हे कबूल. पण झोपलेला लॅपटॉप उघडला की चोर आणि तुमचं काम यांच्यामध्ये फक्त लॉगइनचा पडदा उरतो, आणि तो पिन १२३४५६ असतो किंवा मुलीची जन्मतारीख.

बाहेर पडताना शट डाउन करा. नाही जमत? मग पॉवर ऑप्शन्समध्ये ‘झाकण लावल्यावर काय करायचं’ तिथे स्लीपऐवजी हायबरनेट निवडा. रॅममधलं सगळं एन्क्रिप्टेड डिस्कवर उतरतं आणि मशीन खरोखर बंद होतं. उघडायला थोडा वेळ जास्त लागतो, पण उघड्या फाइली जशाच्या तशा मिळतात. आम्ही सगळ्या मशिन्सवर हे ऑफिसकडूनच लावलं आहे. पहिले आठ दिवस कुरकुर झाली, मग लोक विसरले.

आणि टेबलावरून उठताना विंडोजचं बटण आणि एल. पाणी आणायला उठलात तरी. कॅफेत उघडा लॅपटॉप उचलून कोणी पळालं तर एन्क्रिप्शन, की सांभाळणारी टीपीएम चिप, सगळं वाऱ्यावर.

बिटलॉकर एका मिनिटात तोडल्याचा व्हिडिओ पाहिला. मग काय अर्थ?

व्हिडिओ खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका संशोधकाने रास्पबेरी पाय पिको या दहा डॉलरच्या आतल्या बोर्डाने एका जुन्या लॅपटॉपमधली की ४३ सेकंदांत वाचून दाखवली. त्या लॅपटॉपमध्ये टीपीएम ही चिप प्रोसेसरपासून वेगळी होती. मशीन सुरू होताना ती की प्रोसेसरला उघड्या तारेवरून देते, आणि त्याने ती वाटेत ऐकली. आजच्या बऱ्याच लॅपटॉपांत टीपीएम प्रोसेसरच्या पोटातच असतो, तिथे ही तार बाहेर नसते.

जुन्या मशीनवर यावर इलाज म्हणजे सुरू होतानाच बिटलॉकरचा वेगळा पिन मागणं. प्रोमध्ये ग्रुप पॉलिसीतून लावता येतो. पगारपत्रकं हाताळणाऱ्या पाच जणांच्या मशीनवर आम्ही लावला आहे, बाकीच्यांच्या नाही. सगळ्यांना लावला असता तर पिन चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवला असता, याची मला खात्री आहे.

चोरी झाल्यावर रिमोट वाइप करता येतं ना?

येतं. पण त्यावर विसंबू नका. पुसायची आज्ञा लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला तरच पोचते. चोरलेला लॅपटॉप बहुतेक वेळा वायफायला लागतच नाही, आधी फॉरमॅट होतो. ‘फाइंड माय डिव्हाइस’चंही तेच. मॅक यात उजवा आहे, आसपासच्या अ‍ॅपल उपकरणांच्या ब्लूटूथवरून ऑफलाइन असतानाही ठावठिकाणा लागू शकतो. तो लागलाच तर पोलिसांना द्या, स्वतः मित्राला घेऊन मोटरसायकलवर जाऊ नका.

वाइपची आज्ञा आम्ही देऊन ठेवतो. तीनपैकी एकाच मशीनने ती घेतली, तीही अकरा दिवसांनी.

पहिल्या तासात काय करायचं?

फोन करायचा. मला. रात्री दोनला असला तरी.

आमचा एक सहकारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नांदेडला निघाला होता. बॅग वरच्या फळीवर. पहाटे चहाला गाडी थांबली, हा उतरला, परत आला तर बॅग होती पण हलकी. लॅपटॉप नव्हता. त्याने मला कळवलं दुपारी तीनला. मधले नऊ तास तो आधी ट्रॅव्हल्सवाल्याशी भांडला, मग घरी कसं सांगायचं या विचारात बसला, मग पगारातून कापतील या भीतीने गप्प राहिला. मशीन एन्क्रिप्टेड होतं, पण स्लीपमध्ये होतं, आणि नऊ तास त्याची मेल, ड्राइव्ह आणि दोन क्लायंटची पोर्टल्स उघडी होती. काही झालं नाही, आमचं नशीब.

फोन आल्यावर मी जे करतो ते असं. आधी त्या खात्याची सगळी सेशन्स, म्हणजे चालू लॉगइन, बंद करतो, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हींच्या अ‍ॅडमिनमध्ये ही सोय आहे. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, ब्राउझरमध्ये साठलेलं लॉगइन काही ठिकाणी त्यानंतरही चालत राहतं. मग पासवर्ड, व्हीपीएन, आणि सरकारी पोर्टलचे पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवले असतील तर तेही. मग वाइप.

फोनही त्याच बॅगेत होता का, हे मी लगेच विचारतो. असेल तर ओटीपी चोराच्या हातात आहे, म्हणून आधी सिम बंद. डिजिटल सहीचं टोकन यूएसबीला लावलेलंच होतं का? आपल्या धंद्यात हे फार होतं. मग ते प्रमाणपत्र रद्द करायला त्याच दिवशी कळवावं लागतं.

पोलिसांत तक्रार कुठे द्यायची? चोरी नेमकी कुठल्या गावाच्या हद्दीत झाली तेच माहीत नाही.

कुठल्याही पोलीस ठाण्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते. बस किंवा रेल्वेतून सामान चोरणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीचा कॉम्प्युटर जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६बी वेगळं आहे. रेल्वेत असाल तर १३९ वर कळवा, गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात.

एक गोष्ट जपा. “गहाळ म्हणून ऑनलाइन टाका, लगेच प्रिंट मिळेल,” असा सल्ला मिळू शकतो. हरवलेल्या वस्तूची नोंद आणि चोरीचा एफआयआर यांत फरक आहे, विमा कंपनी सहसा एफआयआरच मागते. चोरी झाली असेल तर चोरीच लिहा. सोबत खरेदीचं बिल आणि सीरियल नंबर हवा. तो लॅपटॉपच्या बुडाशी छापलेला असतो, म्हणजे नेमका चोरासोबत गेलेला. म्हणून सगळे नंबर माझ्याकडे वहीत आहेत. हो, कागदाच्या वहीत.

मोबाइलसारखा लॅपटॉप ब्लॉक करता येत नाही का?

नाही. संचार साथी पोर्टलवरची सोय आयएमईआय या फोनच्या ओळख नंबरवर चालते, ती फोनसाठी आहे.

कायद्याने कोणाला कळवावं लागतं?

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा फुटणं, माहितीपर्यंत अनधिकृत पोच अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. कंपन्यांनाही हे लागू आहे. सहकाऱ्याचे ते नऊ तास आठवा.

दुसरा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, डेटा फुटल्याचं न कळवल्यास २०० कोटींपर्यंत. ज्यांची माहिती गेली त्यांनाही कळवायचं, आणि या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. अमुक इतक्या लोकांचा डेटा असेल तरच, अशी सवलत त्यात नाही. आमच्यासारख्या दुसऱ्यांचं काम करणाऱ्यांसाठी मेख अशी की कायद्याने जबाबदार क्लायंट धरला जातो, म्हणून तो करारात आम्हाला बांधून घेतो. आमच्या नव्या करारांत ‘२४ तासांत कळवणे’ आणि ‘सर्व उपकरणांवर डिस्क एन्क्रिप्शन’ ही वाक्यं आता सर्रास येतात. सही करण्याआधी डी ड्राइव्ह पाहून या, एवढंच मी साहेबांना सांगतो.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर काम केलं तर चालेल?

आम्ही नाही म्हणतो. घरचा लॅपटॉप म्हणजे मुलाचे गेम, भाच्याने टाकलेलं फुकटचं सॉफ्टवेअर आणि सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड. शिवाय चोरीला गेला तर तुमच्या लग्नाच्या फोटोंसकट वाइप करायचा अधिकार मी कुठून आणू? अगदीच नड असेल तर ब्राउझरमधून ऑफिसच्या रिमोट डेस्कटॉपवर काम करा, फाइल घरच्या मशीनवर उतरवायची नाही.

प्रवासात आणि गाडीत?

गाडीच्या मागच्या सीटवर बॅग ठेवून जेवायला उतरू नका. काच फोडायला काही सेकंद पुरतात. ठेवायचीच असेल तर डिकीत, आणि तीही निघतानाच. ढाब्यापाशी पोचून सगळ्यांदेखत डिकीत ठेवणं म्हणजे पत्ता सांगणं. सिग्नलला काचेवर टकटक करून “साहेब, ऑइल गळतंय” म्हणणाऱ्यांच्या नादी लागताना दुसऱ्या बाजूचं दार लॉक आहे का ते बघा. बऱ्याच विमा पॉलिसींत बेवारस सोडलेल्या गाडीतल्या चोरीची भरपाई मिळत नाही, आपली वाचून घ्या.

कंपनीचं नाव छापलेली लॅपटॉप बॅग आम्ही वाटायची बंद केली. साधी सॅक बरी.

एन्क्रिप्शन आहे, मग बॅकअप कशाला?

एन्क्रिप्शनमुळे डेटा चोराला मिळत नाही. तुम्हालाही मिळत नाही. मार्चअखेरीस टॅलीचा डेटा एकाच लॅपटॉपवर असणं काय असतं हे ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप वनड्राइव्हवर जातात, टॅलीचा बॅकअप मात्र तुम्ही रोज संध्याकाळी घ्यायचा आणि ऑफिसच्या ड्राइव्हवर टाकायचा. पेनड्राइव्हवर घेऊन त्याच बॅगेत नाही.

पैसे माझ्या पगारातून कापणार का?

नाही. हे लेखी आहे, नांदेडच्या प्रकरणानंतर भांडून घेतलं. साठ हजारांच्या लॅपटॉपसाठी माणूस नऊ तास गप्प बसणार असेल तर तो लॅपटॉप फार महाग पडला.

चोरीचा लॅपटॉप पोलिसांनी परत मिळवला. लगेच वापरू?

एकदा असं झालं. जप्त झालेला मुद्देमाल असतो, त्यामुळे कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा हमीवर, सोडवून आणावा लागला. चार महिने गेले. घेऊन आलेल्या सहकाऱ्याने ऑफिसात येईपर्यंत रिक्षातच तो सुरू केला, चार्ज आहे का बघायला.

सुरू करू नका, लॉगइन तर अजिबात नाही. मधल्या काळात कोणाच्या हातात होता आणि आत काय बसवलं हे आपल्याला माहीत नाही. माझ्याकडे आणा. मी डिस्क पुसतो, बायोस नव्याने भरतो, विंडोज कोरं टाकतो. आणि कोर्टाने ‘हुकूम होईल तेव्हा हजर करावा, विकू किंवा बदल करू नये’ अशी अट घातली असेल, तर हे सगळं करायच्या आधी वकिलांना विचारतो. तो लॅपटॉप सध्या माझ्या कपाटात आहे, पाठीवर गुन्हा नंबरची चिठ्ठी लाखेने लावलेली. अट अजून उठलेली नाही.